चिठोरं आणि खतावणी

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ती पतसंस्था होती. तळमजल्यावर काउंटर, वर संचालक मंडळाची खोली, आणि काउंटरच्या शेवटच्या टोकाला, खिडकीशी, अण्णा. संस्थेत संगणक येऊन सहा वर्षं झाली होती, तरी अण्णांनी कर्जखतावणी हाताने लिहिणं सोडलं नव्हतं. लाल कापडी बांधणीची जाडजूड वही, एका सभासदाला एक पान. संगणकातून पावती निघाली की अण्णा तीच रक्कम वहीत चढवत आणि संध्याकाळी दोन्हींचा ताळा घेत. संस्थेतल्या नव्या मुलांना हे दुप्पट काम वाटे. मलाही वाटे.

मी तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात प्रोग्रॅमर होतो. आमचे सर आणि हाताखाली आम्ही चौघं. पतसंस्थेची सगळी प्रणाली आमची, पीएचपी या भाषेच्या ४ आवृत्तीत लिहिलेली. १३ जुलै २००७ ला पीएचपीच्या मंडळींनी जाहीर केलं की ४ ची देखभाल वर्षअखेरीला थांबेल, आणि फार गंभीर सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ८ ऑगस्ट २००८ पर्यंत मिळतील. पीएचपी ५ त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी, १३ जुलै २००४ ला आली होती. म्हणजे आम्हाला तीन वर्षांची मुदत होती आणि ती आम्ही चालढकलीत घालवली होती. आता सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचंही पत्र आलं: अमुक तारखेनंतर फक्त ५.

मार्चअखेरची धामधूम उरकली आणि एप्रिलमधल्या एका रविवारी मी प्रणाली नव्या सर्व्हरवर चढवली. लॉगिन झालं. पावती छापली. ठेवींचं व्याज जुळलं. थकबाकीची यादी निघाली. पडद्यावर कुठेही लाल अक्षर नाही, नोंदवहीत एकही तक्रार नाही. रात्री सरांना फोन केला, "सर, एक ओळही बदलावी लागली नाही. सगळं जसंच्या तसं चालतंय."

ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. एक ओळ बदलली नाही ही गोष्ट मी अभिमानाने सांगितली होती.

मे महिन्यात पतसंस्थेतून फोन आला. एका शेतकरी सभासदाने मार्चमध्ये लाख रुपयांचं कर्ज घेतलं होतं, १४ टक्के व्याजाने, ६० महिन्यांसाठी. हप्ता २,३२७ रुपये. एप्रिलच्या अखेरीला कांद्याचे पैसे हातात आले तेव्हा तो संस्थेत येऊन विचारून गेला होता: पाचाऐवजी तीन वर्षांत फेडलं तर हप्ता किती बसेल? काउंटरवरच्या मुलीने ‘अंदाज’ हे बटण दाबलं, ६० च्या जागी ३६ टाकले आणि सांगितलं, ३,४१८. तो म्हणाला, "नको ताई, एवढं झेपायचं नाही. आहे तेच बरं." आणि घरी गेला. मे महिन्यात तो नेहमीसारखे २,३२७ घेऊन आला, तर संगणक म्हणाला हप्ता ३,४१८ आहे, १,०९१ कमी पडतात, आणि न भरल्यास दंडव्याज लागेल.

मुलीने पडद्यावर दिसतं ते वाचून दाखवलं. माणूस गोंधळला. त्याने भांडण केलं नाही, उलट आपलंच काही चुकलं असेल अशा चेहऱ्याने उभा राहिला. गरीब माणूस छापील आकड्यापुढे असाच उभा राहतो. मग अण्णांनी वही उघडली, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वही म्हणते साठ महिने. खाली माणसाची सही आहे. मशीनला कुणी सांगितलं छत्तीस?"

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरहून पहाटेची एसटी धरून मी तिथे पोचलो. तोवर अण्णांनी आणखी सहा पानं काढून ठेवली होती. सातही सभासदांत एकच गोष्ट सारखी होती. एप्रिलमधल्या त्या रविवारनंतर त्यांनी कधी ना कधी अंदाज विचारला होता. कुणी मुदतीचा, कुणी व्याजदराचा. ज्याने नुसतं विचारलं, त्याचं कर्ज बदललं होतं.

मी अण्णांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि लॅपटॉपवर तो भाग उघडला. ते चष्मा वर सारून पडद्याकडे बघत राहिले.

"इंजिनियरसाहेब, मला यातलं कळत नाही. पण अंदाज कसा काढतात ते मला ठाऊक आहे. पाठकोरं चिठोरं घ्यायचं, त्यावर आकडे मांडायचे, माणसाला सांगायचं, आणि चिठोरं टोपलीत टाकायचं. वहीला हात लावायचा नाही. मार्चपर्यंत तुमचं मशीन असंच करत होतं. आता ते वहीतच खाडाखोड करतंय."

मला यंत्राचा दोष इतक्या नेमक्या शब्दांत त्याआधी कुणी सांगितला नव्हता, आणि नंतरही नाही.

मी जी ओळ शोधत होतो ती साधी होती. आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं: अंदाज = कर्ज. मधे एक बरोबरचं चिन्ह. पुढच्या ओळीत अंदाजाची मुदत बदलायची, हप्ता काढायचा, दाखवायचा. आणि शेवटी मूळ कर्जावर ‘शेवटची चौकशी अमुक तारखेला’ एवढी नोंद करून ते जतन करायचं. पीएचपी ४ मध्ये या बरोबरच्या चिन्हाचा अर्थ होता नक्कल. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणावी आणि तिच्यावर पेन्सिलीने हवं ते गिरवावं. तलाठ्याच्या दफ्तरातलं मूळ पान तसंच राहतं. पीएचपी ५ मध्ये, आत एखादी वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट असेल, तर त्याच चिन्हाचा अर्थ झाला किल्ली. किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून घेतली म्हणून दुसरं घर उभं राहत नाही. दोन किल्ल्या, घर एकच. अंदाजाच्या किल्लीने आत शिरून आम्ही मुदत बदलली, तेव्हा कर्जाचीच मुदत बदलली. आणि शेवटच्या ओळीने ती इमानेइतबारे जतन केली.

मी म्हणालो, "अण्णा, प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा बदललेली नाही."

"मग बदललं काय?"

"ती ओळ वाचणारा बदलला."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असू दे. माणसं बदलतात, मशीनही बदलेल. पण जुना शब्द मी आता निराळा वाचतो, हे त्या नव्या वाचणाऱ्याने सांगितलं कुणाला?"

मी सांगायला गेलो की नियमावलीत लिहिलेलं आहे, स्थलांतराच्या पुस्तिकेत एक पूर्ण भाग आहे. ते खरंच होतं. तो भाग मी वाचला नव्हता, हेही खरं होतं. पण अण्णांच्या प्रश्नाला ते उत्तर पुरत नव्हतं, हे बोलता बोलताच मला कळलं आणि मी थांबलो.

त्या सात खात्यांचा हिशेब आम्ही दुपारपर्यंत वहीवरून सरळ केला. वही नसती तर कशावरून केला असता, याचा विचार मी परतीच्या एसटीत करत होतो.

ऑफिसात पोचलो तेव्हा सर थांबलेलेच होते. मी म्हटलं, "भाषा बदलणाऱ्यांनी असं करायला नको होतं." सर रागावले नाहीत, पण त्यांनी मला तिथे सोडलंही नाही.

"अरे, आधीचा अर्थ चांगला होता असं तुला वाटतं का? आठव."

आठवायला फार मागे जावं लागलं नाही. पीएचपी ४ मध्ये वस्तू फंक्शनच्या हाती दिली की फंक्शनच्या हातात नक्कल जाई. आत पावती जोडली, हप्ता जमा केला, तरी बाहेर मूळ खातं कोरंच. सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः दोन दिवस याच भुताच्या मागे घालवले होते. मग उपाय म्हणून प्रत्येक नावापुढे अँपरसँडची खूण लावायची, म्हणजे नक्कल न होता मूळच जाई. एखादी खूण राहिली की बदल हवेत विरून जाई, तेही गुपचूप. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या खुणा मुंग्यांसारख्या पसरल्या होत्या. जगभर हेच चाललं होतं. झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स यांच्या झेंड इंजिनची दुसरी आवृत्ती पीएचपी ५ च्या पोटात आली, ती मुख्यतः वस्तूंची ही व्यवस्था मुळापासून सुधारायला. आता वस्तूची नक्कल हवी असेल तर ‘क्लोन’ असा स्पष्ट शब्द लिहायचा. न लिहिता नक्कल होणार नाही. यादीसाठी, म्हणजे ॲरेसाठी, मात्र बरोबरचं चिन्ह आजही नक्कलच देतं. तो अर्थ त्यांनी हलवला नाही.

मला आजही वाटतं की बदल योग्य होता. वस्तूला ओळख असते. खातं क्रमांक १०४ एकच असावं, जितक्या हातांत जाईल तितकी त्याची पिल्लं होऊ नयेत. चूक बदलात नव्हती.

"मग चूक कशात?" सरांनी विचारलं आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एकीत आमच्या जुन्या प्रोग्रॅममधलं एक फंक्शन, जे नव्या आवृत्तीत उरलंच नाही अशी कल्पना कर. दुसरीत ते बरोबरचं चिन्ह. "पहिलं मोडलं तर काय होईल?"

"पान उघडणार नाही. लगेच कळेल."

"आणि दुसरं?"

दुसऱ्यात शब्द तोच, व्याकरण तेच, दोन्ही अर्थांनी ओळ बरोबरच. यंत्राला ओरडायला कारणच नाही. लिहिणाऱ्याच्या मनात नक्कल होती की मूळ, हे ओळीत कुठेच लिहिलेलं नाही. मोडकं दार दिसतं. कुलूप तेच ठेवून आतली खोली बदलली तर बाहेरून काही दिसत नाही.

भाषेच्या मंडळींनी याचा विचार केलाच नव्हता असं नाही. सेटिंगच्या फायलीत त्यांनी एक बटण ठेवलं होतं, ‘झेंड डॉट झेडई-वन कंपॅटिबिलिटी मोड’. ते चालू केलं की वस्तू पुन्हा जुन्या रीतीने, नक्कल होऊन जात. पण ते बटण सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच. नव्या सर्व्हरवर आल्यावर लिहिलेल्या ठेवींच्या नव्या भागात डेटाबेसशी बोलणारी नवी वस्तू होती, आणि तिची नक्कल होऊ शकत नव्हती. बटण चालू केलं की तो भाग जागच्या जागी आडवा. बंद ठेवलं की अंदाज वहीत खाडाखोड करणार. जुनं आणि नवं एका छपराखाली नांदवायची सोय त्या बटणात नव्हती.

त्या रात्री सरांनी मला त्याच बटणाची दुसरी बाजू दाखवली. ऑफिसातल्या एका मोकळ्या मशीनवर नवा भाग बाजूला काढून आम्ही ते चालू केलं, आणि सोबत सूचनांची सगळ्यात कडक पातळी, ई-स्ट्रिक्ट, चालू केली. मग अंदाजाचं पान उघडलं. पडद्यावर सूचना आली: अमुक ओळीवर अमुक प्रकारच्या वस्तूची आपोआप नक्कल होत आहे. आम्ही एकेक पान उघडत गेलो आणि यंत्र एकेक जागा सांगत गेलं. जुन्या अर्थावर आमचा प्रोग्रॅम जिथे जिथे उभा होता, ती प्रत्येक जागा. रात्री दोनपर्यंत अकरा जागा निघाल्या.

मी गप्प झालो. हवी होती ती हाक पीएचपीत होती. फक्त त्या काळी ‘सगळ्या सूचना दाखव’ असं सांगितलं तरी ई-स्ट्रिक्ट त्यात धरली जात नसे. ती त्यात आली २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत. शिवाय हाक ऐकायला आधी जुनं बटण दाबावं लागे, आणि ते जुनं म्हणून आम्ही त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. सांगणारा हळू बोलला आणि ऐकणाऱ्याने कान दिला नाही, दोन्ही एकदम झालं. ३० जून २००९ ला ५.३ आली तेव्हा ते बटणही गेलं, आणि त्याबरोबर ती हाकही. ज्यांनी तोवर अकरा जागा शोधल्या नव्हत्या त्यांना पुढे वह्याच धुंडाळाव्या लागल्या असतील.

अकराही ठिकाणी मी ‘क्लोन’ लिहिलं आणि झालं असं समजलो. झालं नव्हतं. ‘क्लोन’ वरवरची नक्कल करतो. कर्जाची नक्कल होते, पण कर्जाच्या पोटात जामीनदार ही आणखी एक वस्तू असेल तर तिची किल्लीच नकलेत जाते. पीएचपी ४ मध्ये जामीनदारही नकलेत वेगळा निघे. अंदाजाच्या पानावर जामीनदार बदलून बघायची सोय होती, आणि खऱ्या कर्जाचा जामीनदार बदलताना मी दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिला, तोही कागदावर जुन्या आकड्यांशी ताळा घेतला म्हणून. मग कर्जाने आपली नक्कल कशी द्यायची हे वेगळं फंक्शन लिहून सांगितलं, तेव्हा ते थांबलं. अण्णांची ताळ्याची सवय मला तिथे लागली.

जूनमध्ये दुरुस्त प्रणाली चढवायला पुन्हा पतसंस्थेत गेलो. काम संपल्यावर चहा आला. अण्णांच्या पुढ्यात खतावणी उघडी होती आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तांबड्या शाईत काहीतरी बारीक लिहिलेलं मला पहिल्यांदाच दिसलं. विचारलं, हे काय?

"ठराव क्रमांक आणि तारीख. हे कर्ज ज्या नियमाने दिलं तो ठराव."

"ते कशाला लागतं? चालू दर तर सगळ्यांना माहीत असतो."

"चालू दर चालू कर्जाला." अण्णांनी दोन पानं उलटून दाखवली. "दर बदलतो. दंडाची रीत बदलते. मागे व्याज मोजायची पद्धतच बदलली. मग काय त्या सकाळी वहीतली सगळी पानं नव्या पद्धतीने वाचायची? ज्याने ज्या दिवशी सही केली, त्याचं पान त्या दिवसाच्या ठरावाने वाचायचं. त्याला नव्यात यायचं असेल तर त्याने अर्ज करायचा. मग मी नवं पान घालतो, वर नवा ठराव लिहितो."

"आणि कुणी अर्जच केला नाही तर?"

"तर जुन्यात राहील. त्याचं कर्ज फिटेस्तोवर मी दोन्ही रीती लक्षात ठेवीन. नियम बदलला संस्थेने. लक्षात ठेवायचं ओझं संस्थेचं. सभासदाने का वाहायचं?"

मी चहा तसाच ठेवून त्या तांबड्या अक्षरांकडे बघत राहिलो. आमच्या एकाही फायलीच्या डोक्यावर असं काही लिहिलेलं नव्हतं. ही फाइल कोणत्या नियमाने वाचायची, हे फक्त ज्या यंत्रावर ती पडली ते यंत्र ठरवत होतं.

बारा वर्षांनी ती तांबडी शाई मला पुन्हा आठवली. २९ फेब्रुवारी २०२० ला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने जाहीर केलं की आपल्या प्रणालीत एक दोष सापडला आहे. ही संस्था संकेतस्थळांना सुरक्षेची प्रमाणपत्रं फुकट देते. प्रमाणपत्र देण्याआधी, या नावाला प्रमाणपत्र द्यायची आम्हाला मुभा आहे ना, हे प्रत्येक नावासाठी तपासावं लागतं. एका अर्जात दहा नावं फेरतपासणीला असली, तर त्यांची प्रणाली दहातलं एकच नाव दहा वेळा तपासत होती. अशी ३०,४८,२८९ प्रमाणपत्रं तेव्हा चालू होती. दोष पक्का झाल्यावर दोन मिनिटांत त्यांनी नवी प्रमाणपत्रं देणं थांबवलं आणि काही तासांत दुरुस्ती केली. त्या कामाला दाद द्यावी तेवढी थोडी.

दोषाचं मूळ गो भाषेतल्या फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये होतं. गो मध्ये फेऱ्याचं नाव एकाच पाटीवर लिहिलं जाई. प्रत्येक फेरीत पाटी पुसून नवं नाव. कुणी ‘नाव’ उचलण्याऐवजी ‘पाटी कुठे आहे’ एवढंच टिपून ठेवलं, तर फेरी संपल्यावर सगळ्यांच्या टिपणात एकच पाटी आणि तिच्यावर एकच, शेवटचं नाव. लेट्स एन्क्रिप्टच्या त्या फंक्शनमध्ये फेऱ्यात दोन गोष्टी होत्या. पहिलीची नक्कल करून ठेवली होती, आणि वर टीप होती की ही दर फेरीत बदलते म्हणून नक्कल घेतो आहोत. दुसरीची नक्कल राहून गेली. जाणत्या माणसाने, धोका ठाऊक असताना, लिहिलेली ती ओळ होती. मला ती वाचताना आमच्या मुंग्यांसारख्या खुणा आठवल्या. माणसाला दर वेळी खबरदारी घ्यायला लावणारा अर्थ केव्हातरी कुणालातरी पाडतोच.

गो च्या मंडळींपुढे पेच मोठा होता. २०१२ मध्ये पहिली आवृत्ती देताना त्यांनी वचन दिलं होतं की आज लिहिलेले प्रोग्रॅम पुढच्या आवृत्त्यांतही तसेच चालतील. आणि इथे तर न दिसणारा अर्थ बदलायचा होता. रस कॉक्स आणि डेव्हिड चेस यांनी मांडलेला प्रस्ताव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका जागी थांबलो. गो मध्ये प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी ‘गो डॉट मॉड’ नावाची छोटी फाइल असते. तिच्यात एक ओळ असते: हा प्रकल्प गो च्या अमुक आवृत्तीच्या रीतीने लिहिला आहे. त्यांनी ठरवलं, त्या ओळीत १.२२ किंवा पुढचा आकडा असेल तरच दर फेरीला नवी पाटी मिळेल. जुना आकडा असेल तर यंत्र कितीही नवं असो, फेरा जुन्याच रीतीने वाचायचा. एकाच प्रोग्रॅममध्ये दहा जणांचे जुने-नवे तुकडे एकत्र आले तरी प्रत्येक तुकडा आपापल्या ओळीप्रमाणे. नव्यात यायचं त्याने आकडा बदलायचा.

ठराव क्रमांक आणि तारीख, पानाच्या डोक्यावर.

त्यांनी घाई केली नाही. ऑगस्ट २०२३ च्या १.२१ आवृत्तीत नवा अर्थ आधी चाखून बघायची सोय दिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ सोबत तो लागू केला. नव्या अर्थाने एखादी चाचणी पडली तर नेमक्या कोणत्या फेऱ्यामुळे पडली हे शोधून देणारं साधनही दिलं. अशा काही चाचण्या पडल्या, त्यातल्या कित्येक आधी चुकून पास होत होत्या, कारण चार उदाहरणं तपासायची सोडून त्या शेवटचंच चार वेळा तपासत होत्या. ही हाक मोठ्याने मारलेली होती.

सगळ्या भाषांनी असं केलं नाही. सी शार्पने २०१२ मध्ये आपल्या एका फेऱ्याचा असाच अर्थ सरसकट सगळ्यांसाठी बदलला. जुन्यावर कुणी मुद्दाम विसंबून नसेल असा त्यांचा अदमास होता आणि तो बराचसा खरा ठरला. स्विफ्टने ॲरेचा अर्धवट अर्थ बदलून पूर्ण नकलेचा केला, पण तो जुलै २०१४ मध्ये, पहिली आवृत्ती बाहेर पडायच्या आत. सही व्हायच्या आधी पान फाडलं तर कुणाचं नुकसान नाही. आणि पीएचपीनेही पुढे तांबडी शाई वापरली. २०१५ च्या डिसेंबरात ७ आली तेव्हा मूल्यांच्या प्रकारांबद्दलचा कडक नियम त्यांनी बटणावर ठेवला नाही. ज्या फायलीच्या डोक्यावर तशी घोषणा लिहिली असेल तिथून फंक्शनना मारलेल्या हाकांपुरताच तो लागू होतो. हे मला फार आवडलं.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक मुलगी नव्याने कामाला लागली. हुशार आहे, मोजूनमापून बोलते. कर्जाची हप्तेवारी काढणारं आमचं एक जुनं पॅकेज आहे, ते तिच्याकडे दिलं. आठवड्याने ती आकडे घेऊन आली. "सर, हे फंक्शन दर वेळी अख्ख्या हप्तेवारीची नक्कल करून देतं. मूळच दिलं तर किती वेळ वाचेल बघा. एकाच ओळीचा बदल आहे. सगळ्या चाचण्या पास आहेत."

एकाच ओळीचा बदल आणि सगळ्या चाचण्या पास. मी तिला बसवून ही सगळी गोष्ट सांगितली, कांद्याच्या पैशांपासून. तिने मधेच विचारलं, "त्या शेतकऱ्याचं काय झालं?" मी सांगितलं, त्याच दिवशी त्याची पावती २,३२७ ची निघाली, अण्णांनी स्वतः हाताने लिहून दिली आणि संस्थेने दंड लावला नाही. मग ती म्हणाली, "मग आपण संथच राहायचं का सर, कायम?"

"नाही. तुझा बदल योग्य आहे, तो करायचाच."

तो तिनेच केला. मूळ देणाऱ्या फंक्शनला नवं नाव दिलं, म्हणजे ते वापरणाऱ्याला नवा अर्थ हाताने लिहावा लागतो. जुनं नाव नक्कलच देत राहतं, आणि प्रत्येक वेळी नोंदवहीत लिहितं की अमुक फायलीतल्या अमुक ओळीने मला जुन्या अर्थाने हाक मारली. ही सूचना तिने सगळ्यात कडक पातळीवर ठेवली नाही, पहिल्याच पातळीवर ठेवली. पॅकेज वापरणाऱ्या सगळ्यांना तिने फोन केले, नुसती मेल पाठवली नाही.

जुन्या नावाला हाक मारणाऱ्या सुरुवातीला दोनशेच्या वर ओळी होत्या. परवा तिने मोजल्या, एकोणीस उरल्या आहेत. त्या शून्य होईपर्यंत जुनं फंक्शन तिथेच राहील, आणि ते सांभाळायचं काम आमच्याकडे आहे.